कोल्हापूरच्या तालमींतील अंगमर्दन, सुश्रुताचीं मर्में व चिनी दाबबिंदु

१. कोल्हापूरच्या बाजारपेठेंत हल्लीं लाकडी रोलर, काट्यांचा चेंडू आणि तळपायाचा रंगीत नकाशा सर्रास विकावयास असतो. त्यांजबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांच्या प्रस्तावनांत एक विधान ठरल्यासारखें आढळतें. तें असें कीं, शरीरावरील ठराविक बिंदु दाबून स्वतःच स्वतःचा रोग बरा करण्याची ही विद्या मूळची आमची. सुश्रुतानें तीस मर्मविद्या म्हटलें. बौद्ध भिक्षूंनीं ती चीन देशास नेली. आणि तेथून ती ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशर अशीं नवीं नांवें धारण करून स्वगृहीं परतली. कोल्हापुरांत या विधानास आणखी एक पुरवणी जोडण्यांत येते. येथील तालमींत वस्ताद पैलवानाचें अंग रगडतात, तो त्याच लुप्त विद्येचा जिवंत अवशेष होय, असें सांगण्यांत येतें.

विधान कानास गोड लागतें. परंतु गोडी हा पुरावा नव्हे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करतांना बखरींस जी कसोटी लाविली, तीच येथेंहि लाविली पाहिजे. अस्सल लेख काय म्हणतो, तो कोणत्या काळचा, व मागाहून झालेली भर कोणती, एवढेंच पहावयाचें. या दृष्टीनें वरील विधानाचे तीन भाग पडतात: सुश्रुताचीं मर्में हीं उपचाराचीं स्थानें होत, ही विद्या भारतांतून चीनमध्यें गेली, आणि तालमींतील मालीश हा तिचा अवशेष होय. या तिहींचा क्रमानें विचार करूं.

२. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील सहावा अध्याय मर्मांस वाहिलेला आहे. मर्मांची एकंदर संख्या १०७. रचनेवरून त्यांचे पांच वर्ग केले आहेत: मांसमर्में ११, शिरामर्में ४१, स्नायुमर्में २७, अस्थिमर्में ८ व संधिमर्में २०. स्थानावरून पाहतां हातापायांत प्रत्येकीं ११ प्रमाणें ४४, पोट व छाती मिळून १२, पाठीवर १४, आणि मानेपासून वर ३७. वाग्भटानें अष्टांगहृदयांत संख्या तीच ठेवून धमनीमर्में हा सहावा वर्ग घातला. चरकानेंहि १०७ ही संख्या मान्य करून हृदय, बस्ति व शिर या तिहींस विशेष प्राधान्य दिलें.

आमच्या प्रश्नावर खरा उजेड पाडणारी वर्गवारी मात्र निराळीच आहे. ती परिणामावरून केलेली आहे. आघात होतांच प्राण घेणारीं मर्में १९, कालांतरानें प्राण घेणारीं ३३, रुतलेलें शल्य उपसतांच प्राण घेणारीं ३, व्यंग आणणारीं ४४, आणि केवळ वेदना देणारीं ८. हाहि हिशेब १०७ शीं तंतोतंत जुळतो. म्हणजे एकूण एक मर्माची वासलात या पांच वर्गांत लागली, व रोग बरा करणारें मर्म असा वर्ग करण्यास एकहि मर्म शिल्लक राहिलें नाहीं. शल्यवैद्यानें शस्त्र चालवितांना कोणत्या जागा राखाव्या, व जखमी माणूस समोर आला असतां कोणत्या घावाची धास्ती धरावी, हें सांगण्याकरितां हा अध्याय रचिला आहे. मर्म शब्दाची पूर्वपीठिकाहि तीच सांगते. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील ७५ वें सूक्त युद्धसामग्रीचें आहे. त्यांत योद्ध्याचीं मर्में कवचानें झांकण्याचा उल्लेख येतो. मर्म ही प्रथमपासून जपण्याची जागा आहे.

३. एक उदाहरण घेऊन ही गोष्ट अधिक स्पष्ट करूं. अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यांत जें मर्म आहे, त्यास सुश्रुतानें क्षिप्र असें म्हटलें आहे. तेथें घाव बसल्यास झटके येऊन मृत्यु ओढवतो असें तो सांगतो. हाताच्या घाणेरड्या जखमेनंतर होणाऱ्या धनुर्वाताची आठवण या वर्णनानें सहज होते. आतां चिनी वैद्यकाकडे वळलें तर हातावरील याच बेचक्यांत 'हो-कू' नांवाचा सुप्रसिद्ध बिंदु आहे. डोकेंदुखी व दांतदुखी यांवर तो दाबावा किंवा तेथें सुई टोंचावी, मात्र गर्भवती स्त्रीच्या बाबतींत तो वर्ज्य करावा, असें तें वैद्यक सांगतें. जागा जवळजवळ एक, पण उपदेश अगदीं उलटा. एक म्हणतो, येथें शस्त्र लागूं देऊं नको. दुसरा म्हणतो, येथेंच सुई लाव.

तळहाताच्या व तळपायाच्या मध्यावरचें तलहृदय आणि दोन भिवयांमधील स्थपनी या मर्मांच्या जवळपासहि चिनी बिंदु आहेत. या सारखेपणावरून देवघेव झाली असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. मनुष्याचा हात दोन्ही देशांत सारखाच असतो. त्यांतील हुळहुळ्या जागा शोधावयास कोणास परदेशीं जावें लागत नाहीं. दोन्ही शास्त्रें मोजमाप रोग्याच्याच बोटानें करतात, आमचें स्वांगुल व त्यांचें 'त्सुन', हेंहि साम्य याच जातीचें आहे. ज्या काळीं प्रमाणित मोजपट्टी नव्हती, त्या काळीं लहानमोठ्या देहास लागू पडेल असें दुसरें माप कोठून आणावयाचें?

४. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मर्माध्यायांत नसून त्याच्या पुढें, शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत आहे, आणि तो लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तो अध्याय शिरावेधाचा, म्हणजे शीर टोंचून रक्त काढण्याचा. कोणत्या रोगांत कोठें टोंचावें याची तेथें यादी आहे. पायाची आग, पाय मुंग्यांनीं भरणें इत्यादि विकारांत क्षिप्रमर्माच्या वर दोन अंगुळांवर व्रीहिमुख शस्त्रानें शीर वेधावी, गृध्रसींत गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळांवर, याप्रमाणें. चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत तर अंत्रवृद्धीवर कानाजवळची शीर उलट बाजूस वेधण्याचा उपाय दिला आहे. उतरलेल्या आंतड्यावर कानाशीं इलाज, हें वाचून चिनी सुयांची आठवण कोणासहि व्हावी.

परंतु बारकाईनें पाहतां या यादींतूनच उलट निष्कर्ष निघतो. क्षिप्राच्या वर दोन अंगुळें म्हणजे क्षिप्रावर नव्हे. मर्म हा येथें वाट दाखविणारा खुणेचा दगड आहे, मुक्कामाचें गांव नव्हे. याच्या आधींच्या, सातव्या अध्यायांत ७०० शिरा सांगून त्यांपैकीं ९८ अवेध्य ठरविल्या आहेत, यावरूनहि ग्रंथकाराची सावधगिरी दिसते. शिवाय येथें हेतु दूषित रक्त बाहेर काढण्याचा आहे. बिंदु चाळवून दूरच्या अवयवास बळ देण्याचा नव्हे. कानाजवळच्या वेधाचें कलम खरोखर चिंत्य आहे, परंतु तें एकटें आहे. एका सुट्या पत्रावरून संपूर्ण मोहिमेचा नकाशा आंखतां येत नाहीं.

५. मग स्वतःच्या आरोग्याकरितां अंग दाबणें, चोळणें हें आमच्या ग्रंथांत मुळींच नाहीं काय? आहे, आणि विपुल आहे. मात्र तें मर्माच्या सदराखालीं नाहीं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन व संवाहन यांचे गुण सांगतो. संवाहन म्हणजे हलक्या हातानें अंग दाबणें; तें झोंप आणतें, श्रम घालवितें व कफवात शमवितें. व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा हा प्रसिद्ध नियमहि तेथलाच. वाग्भटानें रोज तेल लावावें, विशेषतः डोकें, कान व पाय यांस लावावें, असें सांगितलें. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत अंग दाबण्याचें कौशल्य येतें, आणि मृच्छकटिकांतील एक पात्र तर संवाहकच आहे. तो प्रथम अंग दाबणारा, मग जुगारी व शेवटीं भिक्षु होतो. म्हणजे ही कला शास्त्रांत होती, बाजारांत होती व रंगभूमीवरहि होती. तिच्यांत अमुक बिंदु दाबला असतां अमुक अवयव सुधारतो असा कोष्टकवजा नकाशा नव्हता, इतकेंच.

दक्षिणेकडे मात्र निराळा प्रवाह दिसतो. केरळांतील कळरीपयट्टु व तामिळ देशांतील वर्मम् या परंपरांत युद्धांत दुखावलेल्या स्थानांवर दाब देऊन उपचार करण्याची रीत असून तिच्या ताडपत्रावरील पोथ्याहि आहेत. वर्ममांत १०८ स्थानें मोजतात. मर्मांच्या उपचाराची गोष्ट काढावयाचीच तर ती या पोथ्यांच्या आधारें काढावी. सुश्रुताच्या नांवावर ती खपवूं नये.

६. आतां चीनकडील कागद पाहूं. तेथील वैद्यकाचा मूलग्रंथ 'ह्वांग-ती नेइ-चिंग'. त्यांत शरीरांत फिरणाऱ्या प्राणवायूसदृश 'ची'च्या वाहिन्यांची, म्हणजे 'चिंग-लुओ'ची कल्पना विस्तारानें आहे. मुख्य वाहिन्या बारा, व त्या एकेका आंतील अवयवाशीं निगडित. शवविच्छेदनांत या वाहिन्या नळीप्रमाणें हातीं लागत नाहींत. तें एक उपचाराचें शास्त्र चालविण्यास उपयोगी पडलेलें कल्पनाचित्र आहे. १९७३ सालीं हुनान प्रांतांतील मा-वांग-त्वेइ येथें इ. स. पूर्वी १६८ मध्यें बंद झालेलें एक थडगें उघडण्यांत आलें. त्यांत रेशमावर लिहिलेले जे वैद्यकलेख निघाले, त्यांत वाहिन्या बारा नसून अकराच आहेत. उपाय सुईचा नसून डागण्याचा आहे. आणि नांवानिशीं बिंदूंची यादी नाहीं. पुढें तिसऱ्या शतकांत ह्वांग-फू मी यानें ३४९ बिंदु संकलित केले. इ. स. १०२७ च्या सुमारास वांग वेइ-यी यानें विद्यार्थ्यांच्या परीक्षेकरितां बिंदु कोरलेल्या माणसाएवढ्या दोन कांस्यमूर्ति ओतविल्या. आज प्रमाण मानिले जाणारे बिंदु ३६१ आहेत.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस या क्रमाचें महत्त्व सांगावयास नको. अकराच्या बारा वाहिन्या, यादी नव्हती तेथें ३४९ बिंदु, व त्यांचे ३६१, अशी पायरीपायरीची वाढ ज्या देशांत दिसते, तेथेंच ती विद्या रुजली व वाढली असें मानावें लागतें. बाहेरून आलेली वस्तु पुष्कळदां तयार स्थितींत येते. आमच्या कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत सांपडलेली पोसायडनची कांस्यमूर्ति याचें उत्तम उदाहरण होय. ती येथें घडली नाहीं हें तिच्याकडे पाहतांच समजतें, कारण तिच्या मागेंपुढें त्या घडणीच्या पायऱ्या येथील मातींत नाहींत.

७. तथापि दोन देशांचा वैद्यकीय व्यवहार मुळींच नव्हता असेंहि नव्हे. १८९० सालीं मध्य आशियांतील कुचा येथें सांपडलेल्या बॉवर हस्तलिखितांत भारतीय वैद्यकाचे भाग आहेत. या व्यवहारासंबंधानें तीन लेख विशेष विचारांत घेण्याजोगे आहेत.

पहिला इत्सिंगाचा. हा चिनी भिक्षु इ. स. ६७१ मध्यें निघून हिंदुस्थानांत आला, नालंदेस सुमारें दहा वर्षें राहिला, व ६९५ मध्यें स्वदेशीं परतला. भारतीय वैद्यकाचीं आठ अंगें त्यास ठाऊक होतीं आणि त्यांविषयीं त्यानें आदरानें लिहिलें आहे. तोच म्हणतो कीं, सुया टोंचणें, डाग देणें व नाडी पाहणें या बाबतींत जंबुद्वीपांतील कोणताहि देश चीनची बरोबरी करीत नाहीं. स्वदेशाभिमानाचा अंश वजा घातला तरी, बिंदुविद्या बुद्धाच्या देशांतून आली असती तर बुद्धाच्या या भक्तानें तें अभिमानानें सांगितलें असतें. नाडीविषयीं त्याचें म्हणणें आमच्या ग्रंथांवरूनहि खरें ठरतें. चरकसुश्रुतांत नाडीपरीक्षा नाहीं, ती पुढें शार्ङ्गधरसंहितेंत येते.

दुसरा लेख जीवकाच्या कथेचा. चिनी भाषेंतील एका बौद्ध सूत्रांत जीवक जन्मतःच हातांत सुयांची व औषधांची पिशवी घेऊन आला असें आहे. हा आधार पुष्कळांस निर्णायक वाटतो. परंतु पाली विनयांतील महावग्गांत जीवकाचें जें चरित्र आहे, त्यांत औषधें आहेत, शस्त्रक्रिया आहेत, पण ह्या सुया नाहींत. सुया चीनमध्यें गेल्यावर कथेंत शिरल्या. परक्या वैद्यास आपल्या लोकांनीं वैद्य म्हणून ओळखावें, याकरितां कथाकारानें त्याच्या हातीं आपल्याकडील खूण दिली. बखरकारहि असेंच करतात.

तिसरा लेख सातव्या शतकांतील सुन सू-म्याओ याचा, आणि हा खरोखर आमच्या बाजूचा आहे. त्याच्या सुमारें ६५२ सालच्या ग्रंथांत हिंदुस्थानची अंगमर्दनपद्धति म्हणून अठरा क्रिया दिल्या असून ही ब्राह्मणांची रीत होय असें म्हटलें आहे. क्रिया स्वतःच स्वतःवर करावयाच्या: हात धुतल्यासारखे एकमेकांत पिळणें, धनुष्य ओढल्याप्रमाणें हात ताणणें, मुठी मारणें इत्यादि. वृद्धानें दिवसांतून तीन वेळां केल्यास महिन्यांत गुण येतो असें आश्वासन आहे. नांवाचा मोठेपणा मिळविण्याकरितां हिंदुस्थानचें नांव जोडलें असण्याचा संभव जमेस धरला, तरी हिंदुस्थानचें नांव चिनी ग्रंथकारास कशासंबंधीं आठवलें हें महत्त्वाचें आहे. तें बिंदूंसंबंधीं नव्हे, मर्दन व व्यायाम यांसंबंधीं. पांचव्या कलमांत आमच्या ग्रंथांवरून जें निघालें, त्यासच हा परदेशी साक्षीदार पुष्टि देतो.

८. बाजारांतील तळपायाच्या नकाशाची वंशावळ तर फारच अलीकडील निघते. अमेरिकेंतील डॉ. विल्यम फिट्झजेराल्ड यानें शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून १९१७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि युनिस इंगहॅम या बाईनें १९३८ सालीं तळपायावर सर्व अवयव मांडून दाखविणारें पुस्तक लिहिलें. ज्यास लोक पांच हजार वर्षांचें म्हणतात, तें चित्र शंभर वर्षांच्या आंतबाहेरचें आहे. ॲक्युपंक्चर हा शब्ददेखील लॅटिन असून तो टेन राइन नांवाच्या डच वैद्यानें १६८३ सालीं रूढ केला.

महाराष्ट्रांत ही विद्या येण्याच्या कथेंतहि असाच घोटाळा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें धाडलेल्या वैद्यकीय पथकांतून चीनला गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या ३२ व्या वर्षीं तेथेंच वारले. कोल्हापुरांत जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनीं १९४६ च्या चित्रपटानें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें. लुधियान्याच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयासहि त्यांचें नांव आहे. त्यामुळें ही विद्या त्यांनींच आणली असा समज होतो. कोटणिसांची कीर्ति रणांगणावरील शस्त्रवैद्याची आहे. त्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसू हे १९५८ सालीं पुन्हां चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले व परतल्यावर त्यांनीं कलकत्त्यास उपचार सुरू केले. पुढें २०१५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत या पद्धतीस स्वतंत्र स्थान मिळालें. म्हणजे चिनी बिंदु येथें आले ते भिक्षूंच्या झोळींतून परत न येतां, नांवें व सनावळी ठाऊक असलेल्या माणसांच्या हातून आले.

९. राहिली कोल्हापूरची तालीम. राजर्षि शाहू छत्रपतींनीं (राज्याधिकार १८९४, मृत्यु १९२२) मल्लविद्येस जो आश्रय दिला, त्याचें दृश्य स्मारक म्हणजे १९१२ चें खासबाग मैदान. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींचीं नांवें देशभर झालीं. या परंपरेचें मूळ शोधूं जातां बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत मल्लविनोद हें प्रकरण मिळतें, व ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण १९६४ सालीं बडोद्याहून छापून प्रसिद्ध झालेलें आहे.

तालमींतील मालिशीचें स्वरूप काय? मेहनत झाल्यावर तेल लावून अंग रगडावयाचें. मांडी, पोटरी, खांदा व पाठ तळहातानें, कोपरानें, प्रसंगीं पायानें तुडवून मोकळी करावयाची. लचक भरली, शीर चढली, उसण भरली, तर जाणता वस्ताद बोटानें जागा चांचपून ती दाबून काढतो, आणि हाड सरकलें तर बसवितो. ही विद्या हातांत आहे, पोथींत नाहीं. तिची परिभाषा पहा: शीर, नस, सांधा, उसण, गोळा. क्षिप्र, तलहृदय, इंद्रबस्ति हे शब्द तींत नाहींत, आणि चिनी वाहिन्यांचीं नांवें तर नाहींतच. एकाद्या शास्त्राचा अवशेष असता तर त्याचा एक तरी पारिभाषिक शब्द अपभ्रष्ट रूपानें उरला असता. मोडी दफ्तरांतील फारसी शब्द जसे पिढ्यान्‌पिढ्या उरले, तसा. पायाळू माणसानें पाठीस पाय लावला असतां उसण जाते ही समजूतहि लोकांतली आहे, ग्रंथांतली नव्हे. तेव्हां तालमींतील मर्दनाचें नातें जोडावयाचेंच तर तें संवाहन, अभ्यंग व मल्लविनोद यांशीं जोडावें.

१०. एकंदर निष्कर्ष असा. सुश्रुताचीं मर्में हीं राखण्याचीं स्थानें होत; चिनी बिंदु चीनमध्यें उपजले व वाढले; तळपायाचा नकाशा अमेरिकेचा आहे; आणि तालमींतील मालीश ही येथील स्वतंत्र हस्तविद्या होय. बिंदु दाबण्यानें गुण येतो कीं नाहीं हा प्रश्न वैद्यांच्या चाचण्यांचा आहे. मनगटाच्या आंतील बाजूस तीन बोटें वर असलेल्या 'नेइ-ग्वान' या बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग चाचण्यांत दिसून आला आहे. सर्वच दाव्यांची तशी पारख झालेली नाहीं. कांहीं झालें तरी विद्येचा गुण तिच्या जन्मगांवावर अवलंबून नसतो.

या निष्कर्षानें आपला मानभंग होतो असें कोणीं समजूं नये. खोट्या मानानें खरा मान बुडतो, हीच आमची तक्रार आहे. मर्माध्यायास दाबबिंदूंचें कोष्टक ठरविलें कीं, कोठें चिरूं नये हें अंगुळाअंगुळानें मोजून ठेवणारा शल्यवैद्य दिसेनासा होतो. आणि वस्तादाच्या बोटांस उसनें नांव दिलें कीं, त्या बोटांना काय कळतें हें विचारण्याची गरजच कोणास वाटत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची दोन कामांची विनंति आहे. आपल्या रुमालांत मर्म, नाडी किंवा मर्दन या विषयाचें बाड असल्यास त्याची नोंद मूळ नांवानें करावी; ॲक्युप्रेशरची प्राचीन पोथी असा मथळा घालूं नये, कारण एकदां सूचींत शिरलेली चूक पुढील शंभर लेखांचा आधार होऊन बसते. शेवटचें पान, लेखनकाल, लेखकाचें नांव व समासांतील टीपा यांचें छायाचित्र अवश्य घ्यावें. ज्या पोथींत विशिष्ट स्थान, त्यावर द्यावयाचा दाब व त्यानें बरा होणारा रोग हीं तिन्ही एकत्र असतील आणि जिचा काळ छापील पुस्तिकांच्या मागचा ठरेल, ती पोथी आमचा वरील निष्कर्ष बदलावयास पुरेशी होईल, व तो आम्ही आनंदानें बदलूं. दुसरें काम अधिक निकडीचें आहे. कोल्हापुरांतील वृद्ध वस्तादांकडे जाऊन, कोणती जागा कशी चांचपावी, कोठें दाबूं नये, कोणत्या दुखण्यास हात लावूं नये, हें त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावें. पोथी दप्तरांत आणखी शंभर वर्षें वाट पाहूं शकते. माणसाच्या हातांतली विद्या तितकी थांबत नाहीं.